तर्खडकर ते तारनाका : इंग्रजी व्याकरणाची मराठी वाट

मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाच्या कपाटात मिळू शकेल. हरिभाऊंच्या कादंबऱ्या, निबंधमालेचे बांधीव खंड आणि संत-वाङ्मय यांच्या शेजारी मोल्सवर्थचा कोश असतो, दादोबांचे व्याकरण असते आणि पाने विटलेली 'भाषांतर पाठमाला'ही असते. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी ज्या पिढ्यांनी मराठी ग्रंथालये उभी केली, त्यांतील बहुतेक मंडळी वकील, शिक्षक, डॉक्टर, कारकून अशी होती. त्यांची उपजीविका इंग्रजीवर किंवा दरबारी भाषेवर चालत असे, आणि मनाची भूक मराठीवर भागत असे. या दोन भाषा त्यांच्या घरात सवतीसारख्या नांदत नव्हत्या. त्या एकमेकींना शिकवीत होत्या.

हे परस्पर-शिक्षण कसे घडले, पुढे त्यात खंड कसा पडला, आणि त्या खंडाची किंमत आज आपण कशी मोजतो आहोत, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. मातृभाषा ही इंग्रजी शिकताना शिडी ठरते की अडसर, हा या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली, आणि प्रत्येक उत्तराचा परिणाम वर्गातल्या मुलाला भोगावा लागला.

१. मरेचा साचा आणि दादोबांची मूस

व्याकरणाच्या या व्यवहाराची सुरुवात उलट्या दिशेने झाली. मराठी माणसाने इंग्रजी शिकण्याआधी इंग्रजांना मराठी शिकावयाचे होते. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध केले, ते कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्याचाही मूळ हेतू तोच होता. परंतु या साधनांचा उपयोग लवकरच दोन्ही बाजूंनी होऊ लागला.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. दादोबांना आपण 'मराठीचे पाणिनी' म्हणतो. पण त्यांच्यासमोर पाणिनीइतकाच लिंडली मरे हाही होता, हे विसरून चालणार नाही. मरे हा अमेरिकेतून येऊन इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला वकील. तेथील मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्याने लिहिलेले इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे अर्धे शतक इंग्रजी जगतातील शाळांवर त्याचे राज्य होते. यॉर्कच्या मुलींसाठी रचलेला हा साचा मुंबईच्या शाळांतून आपल्याकडे पोहोचला.

आज मराठी शाळेतील मूल 'शब्दांच्या जाती आठ' असे पाठ करते, तेव्हा त्या आठांचा उगम आपल्या प्राचीन परंपरेत आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः यास्काने पदांचे चारच वर्ग मानले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी ही अष्टक-व्यवस्था इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर बेतलेली आहे. मात्र दादोबा आणि त्यांच्या मागून आलेले वैयाकरण यांनी साचा घेतला तरी ओतीव काम आपल्याच मुशीत केले. विभक्ती, समास, प्रयोग या प्रकरणांत मरेचा काही उपयोग नव्हता. तेथे त्यांना संस्कृत व्याकरणाकडे आणि मराठीच्या प्रत्यक्ष वापराकडे वळावे लागले. इंग्रजी व्याकरण शिकल्यामुळे मराठीकडे नव्या नजरेने पाहता आले, आणि मराठीकडे तसे पाहिल्यामुळे इंग्रजीचे वेगळेपण अधिक स्पष्ट झाले. या दुहेरी लाभावर पुढील सर्व इतिहास उभा आहे.

२. एका पानावर दोन भाषा

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. पहिले मराठी नियतकालिक म्हणून त्याचा गौरव आपण करतो. पण त्याच्या पानाची रचना फारशी कोणी लक्षात घेत नाही. एकाच पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यात मराठी. आपल्या देशबांधवांत इंग्रजी विद्येचा अभ्यास वाढावा, हा 'दर्पण'च्या घोषित हेतूंपैकी एक होता. म्हणजे हे नियतकालिक एका अर्थाने पाठ्यपुस्तकही होते. वाचक मराठीत बातमी समजून घेई आणि शेजारच्या स्तंभात तीच बातमी इंग्रजीत कशी उतरते ते पाही. आज भाषाशिक्षणाच्या परिषदांत 'समांतर पाठ' या नावाने ज्याची चर्चा होते, ते जांभेकरांनी वयाच्या विशीत करून दाखविले होते.

जांभेकरांचे दुसरे कार्य आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १८४५ च्या सुमारास मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी जो 'नॉर्मल क्लास' सुरू झाला, त्याची धुरा त्यांच्याकडे होती. १८४६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. शिक्षक घडविण्याच्या या कामात पुढे दादोबांचाही सहभाग राहिला. मराठीचे पहिले संपादक आणि मराठीचे पहिले मोठे वैयाकरण हे दोघेही इंग्रजी उत्तम जाणणारे आणि शिक्षकांना शिकविणारे असावेत, हा केवळ योगायोग नव्हे. त्या काळी भाषेचा विद्वान आणि भाषेचा शिक्षक हे दोन वेगळे वर्ग झालेले नव्हते.

याच सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात एक कडाक्याचा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा होता. कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली, आणि १८४७ मध्ये जगन्नाथ शंकरशेट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नाना शंकरशेट इंग्रजीचे विरोधक नव्हते. मुंबईतील इंग्रजी शिक्षणाच्या उभारणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे. ज्ञान जनसामान्यांपर्यंत पोहोचायचे तर ते त्यांच्या भाषेतून पोहोचले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हा वाद मिटला नाही. तो अद्यापही वेगवेगळ्या वेशांत आपल्यासमोर येत असतो.

इंग्रजी लेखनपद्धतीचा मराठीवर झालेला एक परिणाम तर आपल्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. या पानावरील स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हे ही सारी इंग्रजी लेखनातून आलेली आहेत. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहून ती मराठी गद्यात रुजविण्याचा पाया घातला. जुन्या मोडी पत्रातील वाक्य कोठे संपते हे वाचणाऱ्याच्या श्वासावर आणि 'जे', 'तरी', 'ऐसे' यांसारख्या शब्दांवर अवलंबून असे. कँडी यांच्या नंतर ते टिंबावर अवलंबून राहू लागले. आपले शंभर वर्षांचे निबंधवाङ्मय या टिंबांच्या आधाराने उभे आहे.

३. पाठमालेचे दिवस

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मॅट्रिकची परीक्षा हा नोकरीचा दरवाजा ठरला, आणि इंग्रजी व्याकरण ही त्या दरवाजाची किल्ली. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हणण्याचा प्रघात पडला. पण ते दूध काढावयाचे कसे, ही अडचण होतीच. ती ज्या पुस्तकाने सोडविली त्याचे नाव तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला'. तिचे तीन भाग होते. आधी शब्द, मग नियम, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी, असा तिचा क्रम. पायरी लहान, चढण हळूहळू. 'तुझे तर्खडकर किती झाले?' एवढ्या प्रश्नावरून मुलाच्या इंग्रजीचा अंदाज यावा, इतके हे नाव त्या विषयाशी एकरूप झाले.

पाठमालेची थोरवी अशी की तिने शिकणाऱ्याला कोणावाचून अडू दिले नाही. आडगावचा मुलगा, शाळेत इंग्रजी शिक्षक नसलेला, कंदिलाच्या उजेडात एकट्याने ती उलगडू शकत असे, कारण समजावून सांगणारी भाषा त्याची स्वतःची होती. प्रत्येक इंग्रजी वाक्य त्याला मराठीच्या ताजव्यात तोलून पाहावे लागे, आणि त्या तोलण्यात मराठीही घासून लख्ख होई. त्या पिढ्यांतील अनेकांचे मराठी गद्य नेटके का होते, याचे एक कारण येथे सापडेल.

पण गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. या पद्धतीने वाक्य बरोबर येई, मात्र बोलताना जीभ अडखळे. नियम आणि त्याचे अपवाद तोंडपाठ असत, परंतु इंग्रज माणूस तसे बोलतो का, याची खात्री नसे. जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणे १८९० नंतरच्या काळात देशभर पसरली. वायव्य प्रांत आणि अवध येथील शिक्षणखात्याचे हे संचालक. वाक्यपृथक्करण, पदपरिस्फोट आणि अशुद्धे शुद्ध करणे या तीन कसरतींत त्यांच्या पुस्तकांनी मुलांना तरबेज केले. १९३० नंतरच्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले आणि अद्यापही ते दुकानात मिळते. या जोडीतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, आणि पुढे 'बो जेस्ट' या १९२४ च्या साहसी कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या आजोबांना नॅरेशन आणि व्हॉइस बदलावयास लावणारा लेखक स्वतः वाळवंटातील सैनिकांच्या कथा रचीत होता!

तर्खडकरांकडून रेन-मार्टिनकडे जाताना एक मोठा बदल घडला, तो कोणी जाहीर केला नाही. नियम समजावून सांगणारी भाषा इंग्रजी झाली. पुस्तकातून मराठी गेली. फक्त शिक्षकाच्या तोंडी उरली.

४. हैदराबादचा त्रिभाषिक विद्यार्थी

आपल्या हैदराबादची कथा याहून निराळी आहे. निजामाच्या राज्यात १८८७ मध्ये स्थापन झालेले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते आणि तेथे सर्व शिक्षण इंग्रजीतून चाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा मात्र एका देशी भाषेतून, म्हणजे उर्दूतून, सर्व उच्च ज्ञान देण्याचा धाडसी प्रयोग हाती घेण्यात आला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले आणि शास्त्रीय ग्रंथांचे उर्दू अनुवाद झाले. इंग्रजी हा त्या विद्यापीठात सक्तीचा विषय होता.

या राज्यातील मराठी विद्यार्थ्याला अशा रीतीने तीन भाषांशी झुंजावे लागे. घरात मराठी, सरकारी शिक्षणात उर्दू, आणि विषय म्हणून इंग्रजी. व्याकरणाच्या परिभाषाही तीन. जे मराठीत नाम, ते उर्दूत इस्म आणि इंग्रजीत नाउन. जो मराठीत कर्ता, तो उर्दूत फाइल आणि इंग्रजीत सब्जेक्ट. क्रियापदाला उर्दूत म्हणतात फेल. एका तासाला 'फेल' म्हणजे क्रियापद आणि परीक्षेच्या निकालात 'फेल' म्हणजे नापास, हा विनोद त्या काळच्या मुलांच्या वाट्याला आलेलाच असणार. विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी मराठी शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली, आणि मराठी ग्रंथालयांनी तिला तेल पुरविले. राज्यकारभारात मराठीला स्थान नसताना मराठी वाचणे हा येथे केवळ छंद नव्हता. ते आपले असणे टिकविणे होते.

उस्मानियाच्या उर्दू प्रयोगाचे राजकीय मूल्यमापन निराळे करता येईल. राज्यातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी आणि कानडी असताना उर्दू सर्वांवर लादली गेली, हा आक्षेप रास्त आहे. तथापि देशी भाषेतून उच्च ज्ञान आणि सोबत उत्तम इंग्रजी, ही कल्पना मुळात चुकीची नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेनुसार मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि येथे राहिलेला मराठी समाज आपल्या ग्रंथालयासह एका परभाषिक राजधानीत उरला.

५. तारनाक्याची संस्था

स्वातंत्र्यानंतर इंग्रजीचे काय करावयाचे, हा प्रश्न देशापुढे होता. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात इंग्रजीचे अध्यापन आठव्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलण्यात आले. शिकविण्याची वर्षे कमी झाली, पण गरज कमी झाली नाही. तेव्हा थोड्या काळात अधिक शिकवू शकणारा शिक्षक हवा, हे ओघानेच आले.

या गरजेतून १९५८ मध्ये हैदराबाद येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था स्थापन झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरालगत, तारनाक्याच्या बाजूस तिच्या इमारती उभ्या राहिल्या. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांची भर पडली आणि 'सीफेल' हे लघुरूप रूढ झाले. १९७३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २००७ पासून ती इंग्रजी आणि परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ, म्हणजे 'इफ्लू', म्हणून ओळखली जाते. देशातील इंग्रजीच्या शिक्षकांचे उच्च प्रशिक्षण म्हटले की हैदराबादचे नाव पुढे येते, ते या संस्थेमुळे.

१९५९ ते १९६६ या काळात विनायक कृष्ण गोकाक हे तिचे संचालक होते. कन्नडचे थोर कवी, १९९० च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी. मराठी मुलखाशी त्यांचा संबंध जवळचा होता. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय या दोन्हींचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. देशाला इंग्रजी शिकविणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी मातृभाषेचा महाकवी असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मराठीतही विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे या दोन ज्ञानपीठ-विजेत्यांनी आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापन केले. ज्याचे एका भाषेत मूळ खोल गेले आहे, तोच दुसऱ्या भाषेला सावली देऊ शकतो.

या संस्थेने आणि तिच्या समकालीन संस्थांनी काय दिले? पहिली गोष्ट ध्वनी. आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या आकलनीयतेचा अभ्यास केला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणते उच्चार ऐकणाऱ्याला अडवितात आणि कोणते चालून जातात, हे प्रथमच शास्त्रीय रीतीने तपासले गेले. शब्दातील आघात चुकला की उच्चार कितीही स्पष्ट असला तरी इंग्रज श्रोता गोंधळतो, ही गोष्ट तर्खडकरांच्या छापील पानावरून कळणे शक्यच नव्हते. दुसरी गोष्ट निवड. डाक्क्यात शिक्षकांना शिकविणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांच्या अनुभवावरून वाचनमाला तयार केल्या होत्या आणि १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी दिली होती. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधील अध्यापनातून वाक्यरचनांचे साचे बांधले. त्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा प्रसिद्ध कोशही प्रथम १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. इंग्रजी शिकविण्याचे हे आधुनिक शास्त्र बरेचसे डाक्का, टोकियो, मद्रास, हैदराबाद येथील वर्गांतच जन्माला आले आहे.

या सर्वांतून 'स्ट्रक्चरल' पद्धत आली. नियम सांगू नका. साचा द्या, तो प्रसंगातून दाखवा आणि घोटून घ्या. वर्गात फक्त इंग्रजी बोला. शिक्षकाने हातात पुस्तक धरून 'धिस इज अ बुक' म्हणावयाचे आणि चाळीस मुलांनी ते म्हणावयाचे. मद्रास राज्यात हजारो शिक्षकांना या पद्धतीचे धडे साखळीने देण्यात आले : आधी थोड्यांना, त्यांनी आणखी काहींना. साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत पोहोचता पोहोचता पद्धतीतील विचार गळून गेला आणि घोकंपट्टी उरली. याच अनुभवातून पुढे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर प्रकल्प राबविला. वर्गात व्याकरण न शिकविता मुलांना नकाशे, वेळापत्रके, हिशेब यांचे कोडे घालावे. अर्थाशी झटता झटता रचना आपोआप बसते, असा त्यांचा सिद्धांत. १९८७ च्या त्यांच्या ग्रंथाची दखल जगभर घेतली गेली.

या सगळ्या प्रयोगांविषयी पूर्ण आदर बाळगून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पद्धती बदलत गेल्या, परंतु प्रशिक्षणाच्या मुख्य प्रवाहात मुलाची मातृभाषा मागेच राहिली. जो शिक्षक वर्गात मराठी उच्चारील तो मागासलेला, अशी एक अलिखित भावना शाळांतून पसरली.

६. दोन व्याकरणांमधील सांधा

मातृभाषा वर्गाबाहेर काढली म्हणून ती मुलाच्या डोक्याबाहेर जात नाही. ती आतून काम करीतच राहते. प्रश्न एवढाच, की शिक्षकाला ते काम दिसते की नाही. काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

'मुलाने आंबा खाल्ला' हे वाक्य पाहा. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. 'मुलाने पोळी खाल्ली' असे आपण म्हणतो. म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र हेच वाक्य ॲक्टिव्ह व्हॉइसचे आहे. 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' असे समीकरण ज्या मुलाला दिले जाते, तो येथे हमखास फसतो. 'प्रयोग' हा कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या अन्वयाचा विचार आहे. 'व्हॉइस'मध्ये क्रियेकडे कोणाच्या बाजूने पाहावयाचे, हा प्रश्न येतो. हा भेद सांगावयाचा तर शिक्षकाला दोन्ही व्याकरणे आली पाहिजेत. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांची जी विस्तृत चिकित्सा केली आहे, ती इंग्रजीच्या शिक्षकानेही वाचावी अशी आहे. केशवसुतांचे हे धाकटे बंधू. एका भावाने मराठी कवितेला इंग्रजी काव्याच्या परिचयातून नवे वळण दिले, दुसऱ्याने व्याकरणाला चिकित्सेचे.

दुसरे उदाहरण इंग्रजी आर्टिकल्सचे. मराठीत ती नाहीत, तेव्हा ती पाठच करावी लागतात, असे सांगितले जाते. पण 'मी डॉक्टर शोधतो आहे' आणि 'मी डॉक्टरांना शोधतो आहे' या दोन वाक्यांत कोणता फरक आहे? पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल; दुसऱ्यात एक ठराविक, माहीत असलेले डॉक्टर आहेत. इंग्रजीत जे काम 'अ' आणि 'द' करतात, ते येथे प्रत्यय करतो. म्हणजे ज्ञात-अज्ञाताचा हा भेद मराठी मुलाच्या मनात आधीपासूनच आहे. त्याला परका आहे तो फक्त भेद दाखविण्याचा मार्ग. एवढे उमगले, की पाठांतराचे ओझे अर्ध्यावर येते.

तिसरे उदाहरण काळाचे. कोणी हाक मारली की आपण जागेवरूनच 'आलोच!' म्हणतो. रूप भूतकाळाचे, अर्थ नजीकच्या भविष्याचा. इंग्रजीत येथे 'आय ॲम कमिंग' म्हणावे लागते. उलट 'मला माहीत आहे' यातील 'आहे' पाहून मूल 'आय ॲम नोइंग' म्हणते. चौथे उदाहरण नॅरेशनचे. 'तो म्हणाला, की मी उद्या येईन' हे मराठीत अगदी शुद्ध. त्यातील 'मी' म्हणजे बोलणारा 'तो'. मराठी दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत जसेच्या तसे ठेवते. इंग्रजी ते सांगणाऱ्याच्या जागेवरून पुन्हा मांडते, म्हणून सर्वनामही बदलते आणि काळही. हे कारण न सांगता रेन-मार्टिनचे नियम पाठ करविले, तर मूल परीक्षेपुरते गुण मिळविते आणि पहिल्याच पत्रात चुकते.

१९५७ मध्ये रॉबर्ट लॅडो यांनी दोन भाषांच्या तुलनेवर आधारलेले अध्यापनशास्त्र मांडले. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या मनात चाललेल्या भाषा-घडणीची खूण असते, असे प्रतिपादन केले. मराठी माणसासाठी हा विचार सर्वस्वी नवा नव्हता. दादोबा आणि तर्खडकरांची पाठमाला यांनी त्याची वाट पायांनी तुडविली होती. फक्त तिला शास्त्राचे नाव दिलेले नव्हते.

७. लेखनाचा प्रश्न

व्याकरणाच्या मानाने लेखनाकडे आपले लक्ष नेहमीच कमी राहिले. वाक्य शुद्ध करण्यात पारंगत झालेला विद्यार्थी एक सलग परिच्छेद लिहावयास बसला की गडबडतो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. निबंध ठरीव विषयांवर, ठरीव मुद्द्यांवर, मार्गदर्शकांतून उतरवून काढलेले. पत्रलेखन म्हणजे मायना आणि समाप्ती. सारांशलेखन ही एकच कसरत अशी, की जिच्यात विचाराला थोडा वाव असे. याचे एक कारण असे की आपण शिक्षकाला व्याकरण शिकविले, परंतु त्याला लिहावयास लावले नाही. जो स्वतः लिहीत नाही, खोडीत नाही, पुन्हा लिहीत नाही, तो दुसऱ्याचे लेखन फक्त लाल शाईने तपासू शकतो; ते घडवू शकत नाही.

येथेही जुन्या पिढीकडून शिकण्याजोगे आहे. जांभेकर इंग्रजी शिकवीत होते आणि दोन्ही भाषांत लिहीतही होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यांच्या मराठी निबंधाच्या बांधणीमागे इंग्रजी गद्याचे वाचन उघड दिसते. म्हणून इंग्रजीच्या शिक्षकाचे उच्च प्रशिक्षण म्हणजे केवळ अधिक अवघड व्याकरण नव्हे. व्याकरणाचे सखोल ज्ञान, शिकणाऱ्याच्या भाषेची जाण आणि स्वतः लिहिण्याचा सराव, या तीन पायांवर ते उभे राहिले पाहिजे. आजवर एका वेळी एकाच पायाकडे लक्ष गेले आणि तिवई कलती राहिली.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सुचविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तरीही महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी वस्त्यांत चित्र वेगळे आहे. मुलांची शाळा इंग्रजी, खेळगड्यांची भाषा तेलुगू किंवा हिंदी, आणि मराठी केवळ आजीच्या तोंडी. इंग्रजी चांगले यावे म्हणून मराठी सोडली, असे पालक सांगतात. इतिहास याला दुजोरा देत नाही. इंग्रजीवर खरे प्रभुत्व मिळविलेल्या मराठी माणसांची मालिका पाहिली, तर त्यांतील कितीतरी जण दोन्ही भाषांत घट्ट पाय रोवून उभे असलेले दिसतात. मराठी सोडून इंग्रजी अधिक येते, याचा पुरावा निदान या पावणेदोनशे वर्षांत तरी आढळत नाही.

आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात दादोबा, दामले, मोल्सवर्थ आणि तर्खडकर शेजारी शेजारी उभे आहेत. तारनाक्याचे विद्यापीठही याच शहरात आहे. दोन्हींमधील अंतर काही कोसांचे. येथील ग्रंथ त्या संस्थेतील शिक्षकांच्या हाती जावेत, आणि तेथील अभ्यासकांनी येथे येऊन मराठी मुलांना इंग्रजीच्या वाटा मराठीतून दाखवाव्यात, असा उपक्रम शताब्दीच्या निमित्ताने सुरू करता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ, दहा मुले, एक शिक्षक आणि एक जुनी पाठमाला एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो. ग्रंथालयाच्या संस्थापकांनीही याहून मोठ्या भांडवलावर सुरुवात केली असेल असे वाटत नाही.